हिशेबाच्या काठ्या आणि लंडनची आग



मार्चअखेर आली की आमच्या घरात एकच शब्द ऐकू येतो, तो म्हणजे ‘टॅली’. सून एका सीएंच्या ऑफिसात काम करते. रात्री झोपायला जाण्याआधी मी तिच्या खोलीत डोकावले, तर ती लॅपटॉपसमोर कपाळाला हात लावून बसलेली.

“काय गं, अजून संपलं नाही?”

“आई, साडेचारशे रुपयांचा फरक येतोय. टॅली होत नाही तोवर उठताच येत नाही.”

“टॅली म्हणजे काय, ठाऊक आहे का?” मी विचारलं.

“म्हणजे काय आई, सॉफ्टवेअर!” असं म्हणून ती हसली.

मी १९८१ साली बी.कॉम. झाले. रोजकीर्द, खतावणी, नावे-जमा, तेरीज सगळं शिकले. ‘टॅली झालं’ हे शब्द हजारदा उच्चारले असतील. पण हा शब्द मूळचा कुठला, हे ना आमच्या सरांनी कधी सांगितलं, ना मी विचारलं. अगदी अलीकडे वाचनात आलं तेव्हा कळलं की टॅली म्हणजे चक्क एक लाकडाची काठी! आणि या काठ्यांनी एके दिवशी इंग्लंडची संसद जाळून टाकली. आज तीच गोष्ट सांगायची आहे.

पण आधी माझ्या आजीच्या भिंतीकडे जाऊ.

आजोळी दुधाचा रतीब होता. सरकारी लिटर तेव्हा आलं होतं, पण गावात अजून शेर-अच्छेरच चाले. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि गवळणीलाही नाही. स्वयंपाकघराच्या दाराआडच्या भिंतीवर आजी कोळशाने रेघा ओढायची. शेराला उभी पूर्ण रेघ, अच्छेराला अर्धी, पावशेराला नुसता ठिपका. महिना संपला की रेघा मोजून पैसे द्यायचे. एका वर्षी दिवाळीच्या आधी मामांनी घराला चुना दिला, आणि आजी शेजारच्या गावाला गेलेली असताना दाराआडची भिंतही पांढरी करून टाकली. बावीस दिवसांचा हिशेब गेला! आजी म्हणाली अठरा शेर, गवळण म्हणाली साडेवीस. दुसऱ्या दिवशी गवळण एक पत्र्याची डबी घेऊन आली. त्यात चिंचोके होते. शेराला अख्खा चिंचोका, अच्छेराला चिंचोक्याची डाळ. मोजले तर बरोबर साडेवीस भरले. आजीने पैसे दिले. दुसऱ्याच्या कष्टाचा पैसा अंगावर राहू नये, एवढंच तिचं म्हणणं. पण संध्याकाळपर्यंत धुसफुसत होती, “डबी तिची, चिंचोके तिचे. रात्री दोन जास्त टाकले तर मला कसं कळणार?”

आजीचा प्रश्न अगदी बरोबर होता. भिंत आजीच्या ताब्यात, डबी गवळणीच्या ताब्यात. दोघींनी एकमेकींवर विश्वास ठेवायचा, नाहीतर भांडायचं. याच प्रश्नाचं उत्तर इंग्लंडच्या राजाच्या तिजोरीत नऊशे वर्षांपूर्वी शोधलं गेलं होतं, आणि तेही कागद-शाईशिवाय.

बाराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडवर पहिला हेन्री राज्य करत होता. प्रत्येक परगण्याचा अधिकारी, ज्याला शेरिफ म्हणत, तो राजाचा वसूल गोळा करायचा आणि वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरीच्या मायकेलमसच्या सणाला, राजाच्या खजिन्यात हजर व्हायचा. ईस्टरला काही रक्कम भरायची आणि मायकेलमसला सगळा हिशेब चुकता करायचा. आता ईस्टरला भरलेल्या पैशांची पावती हवी. पण बरेचसे शेरिफ निरक्षर. चामड्याच्या कागदावर लॅटिनमध्ये लिहून दिलं तरी त्यांना काय कळणार?

म्हणून मग काठी. हेझल नावाच्या झाडाची सरळ फांदी घ्यायची, सोलून चौकोनी करायची आणि तिच्यावर रकमेच्या खाचा पाडायच्या. खाचांची मापं ठरलेली होती. त्याच शतकाच्या उत्तरार्धात राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने खजिन्याच्या कारभारावर एक ग्रंथ लिहिला, त्यात ती नोंदवून ठेवली आहेत. हजार पौंडांना हाताच्या तळव्याच्या जाडीएवढी खाच. शंभराला अंगठ्याएवढी. वीस पौंडांना करंगळीएवढी. एका पौंडाला सातूच्या पिकलेल्या दाण्याएवढी. शिलिंगला त्याहून बारीक. आणि पेनी असेल तर लाकूड काढायचंच नाही, सुरीची नुसती एक चीर द्यायची.

बघा, तळवा, अंगठा, करंगळी, धान्याचा दाणा. मीठ चिमटीने आणि तांदूळ ओंजळीने मोजणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना हे शिकवावं लागणार नाही.

खरी युक्ती पुढे आहे. खाचा पाडून झाल्या की ती काठी उभी चिरायची. प्रत्येक खाच दोन्ही भागांवर अर्धी-अर्धी येणार. एक भाग थोडा लांब ठेवायचा, मूठ असल्यासारखा. तो पैसे भरणाऱ्याला द्यायचा. दुसरा आखूड भाग खजिन्यात राहायचा. हिशेबाच्या दिवशी दोन्ही भाग एकमेकांना लावून बघायचे. कुणी आपल्या भागावर चोरून एक खाच वाढवली, तर दुसऱ्या भागावर ती नाही. कुणी खाच घासून बुजवायला गेलं, तरी दुसरा भाग बोलणारच. बरं, दुसरीच काठी आणून तिच्यावर तशाच खाचा पाडल्या तर? तेही चालायचं नाही, कारण लाकडाच्या रेषा जुळत नाहीत. एका फांदीतून चिरलेल्या दोन भागांच्या शिरा फक्त एकमेकांशीच जुळतात. तशी दुसरी फांदी जगात कुठेच नाही.

माझ्या आजीला ही युक्ती कुणी सांगितली असती तर तिने लगेच मामांना बाभळीची फांदी आणायला पाठवलं असतं!

या काठीलाच टॅली म्हणत. मूळ लॅटिन शब्द ‘तालेआ’, म्हणजे कापलेली काडी. कापणे या अर्थाच्या त्याच मुळातून ‘टेलर’ निघाला आणि ‘रिटेल’ही, कारण रिटेल म्हणजे मोठ्या मालातून तुकडा कापून विकणे. म्हणजे आपला शिंपी, आपला किराणावाला आणि आमच्या सुनेचं सॉफ्टवेअर, सगळे एकाच काडीचे भाऊबंद. काठीच्या लांब भागाला इंग्रजीत ‘स्टॉक’ म्हणत. ज्याच्या हातात स्टॉक त्याचं सरकारकडे येणं. शेअर बाजारातला ‘स्टॉक’ हा शब्द इथूनच आला असं सांगतात.

आणि ज्या टेबलावर हा हिशेब व्हायचा, तेही सांगण्यासारखं आहे. सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद टेबल, त्यावर चौकटी आखलेलं काळं कापड. युरोपात तेव्हा रोमन आकडे होते, शून्य नव्हतं. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करून पाहा एकदा, डोकं धरून बसाल. म्हणून ते कापडावरच्या रकान्यांत सोंगट्या मांडायचे. हा रकाना पेनीचा, हा शिलिंगचा, हा पौंडाचा, पुढे विसांचा, शंभरांचा, हजारांचा. एका बाजूला खजिन्याचे अधिकारी, समोर घाम पुसत बसलेला शेरिफ. बुद्धिबळाच्या पटासारखं दिसणारं ते कापड, म्हणून त्या खात्याचं नावच पडलं ‘एक्सचेकर’. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणतात. आपण बँकेचा ‘चेक’ लिहिताना इंग्लिशमध्ये शेवटी जी वेगळी अक्षरं लावतो, त्या स्पेलिंगवरही या एक्सचेकरचीच छाया आहे.

हे फक्त राजाच्या दरबारात चालायचं असं नाही. फ्रान्समध्ये पाववाला आणि गिऱ्हाईक यांच्यात अशीच काठी असायची. अर्धी त्याच्याकडे, अर्धी घरच्या बाईकडे. पाव घेताना दोन्ही भाग जुळवून धरायचे आणि दोन्हींवर एकदमच सुरी मारायची. १८०४ साली नेपोलियनने जो दिवाणी कायदा आणला, त्यात एक खास कलम आहे. किरकोळ माल असा काठीवर देण्या-घेण्याची ज्यांच्यात रीत आहे, त्यांच्यापुरता जुळणाऱ्या काठ्या हा पुरावा मानावा, असं ते कलम सांगतं. एवढा मोठा सम्राट, आणि त्याच्या कायद्यात घरच्या पावाचा रतीब! मला हे वाचून फार बरं वाटलं.

इंग्लंडमध्ये मात्र काठ्यांनी पुढे मोठे व्यवहार केले. राजाकडे रोख नसली की तो पुरवठादाराला काठी द्यायचा, म्हणजे पुढच्या वसुलातून तुला एवढे पैसे मिळतील. तो माणूस ती काठी थोड्या कमी भावात दुसऱ्याला विकायचा. आपण हुंडी वटवतो तसंच. लंडनच्या सोनारांनी, जे तेव्हा बँकर झाले होते, अशा सरकारी काठ्या आणि रोखे यांत भरपूर पैसा गुंतवला. तो पैसा त्यांचा स्वतःचा नव्हता, लोकांच्या ठेवींचा होता. आणि १६७२ च्या जानेवारीत दुसऱ्या चार्ल्स राजाने जाहीर केलं की सध्या खजिन्यातून परतफेड बंद. तेरा लाख पौंडांहून जास्त रक्कम अडकली. मोठमोठे सोनार बुडाले आणि त्यांच्याकडे विश्वासाने ठेवी ठेवणारेही. काठीचे दोन्ही भाग बरोबर जुळत होते, खाचा बरोबर होत्या, लाकडाच्या शिराही बरोबर होत्या. पण द्यायचंच नाही असं धनकोच्या तोंडावर म्हणणाऱ्या ऋणकोपुढे काठी काय करणार? पतपेढी बुडताना ज्यांनी आपल्या गल्लीत पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.

त्यानंतर बावीस वर्षांनी, १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड निघाली. लोकांनी बारा लाख पौंड आठ टक्के व्याजाने सरकारला दिले, तोच तिचा पाया. कागदी नोटा आल्या, दुहेरी नोंदीच्या वह्या आल्या. तरी एक्सचेकरमध्ये काठ्या कापणं चालूच! मोठ्या रकमांसाठी काठ्याही लांबत गेल्या, कित्येक फुटांच्या झाल्या. का चालू राहिलं? तर तिथल्या जुन्या हुद्द्यांना पगार आणि दस्तुरी होती आणि ते हुद्दे तहहयात असायचे. १७८० च्या दशकात संसदेने काठ्या बंद करण्याचा कायदा केला, पण त्यातही अट घातली की सध्या जे त्या हुद्द्यांवर आहेत, ते गेल्यावर किंवा निवृत्त झाल्यावरच तो लागू व्हावा. शेवटी काठ्या बंद व्हायला १८२६ साल उजाडलं. चाळीस वर्षं! सरकारी काम जगात कुठेही सारखंच, एवढंच म्हणते.

आता मुख्य गोष्ट.

काठ्या बंद झाल्या तरी जुन्या काठ्यांचे ढीग वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यात, म्हणजे जिथे इंग्लंडची संसद भरायची तिथेच, पडून होते. १८३४ मध्ये ती जागा दिवाळखोरीच्या कोर्टाला हवी होती. मग या लाकडांचं काय करायचं? दोन गाड्या भरतील एवढ्या काठ्या. आजूबाजूच्या गल्ल्यांत गरिबी होती आणि थंडी तोंडावर आली होती. कुणाला चुलीला दिल्या असत्या तर दुवा मिळाला असता. पण नाही, सरकारी वस्तू सरकारी रीतीनेच नष्ट व्हायला हवी. इमारतीचे क्लर्क ऑफ वर्क्स रिचर्ड वेबली यांच्यावर हे काम आलं. अंगणात होळी केली तर शेजाऱ्यांना त्रास, म्हणून त्यांनी ठरवलं की हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या तळघरात सभागृह गरम ठेवण्याच्या ज्या दोन भट्ट्या आहेत, त्यांतच काठ्या जाळाव्यात.

१६ ऑक्टोबर १८३४, गुरुवार. जोशुआ क्रॉस आणि पॅट्रिक फरलाँग हे दोन कामगार सकाळीच कामाला लागले. दिवसभर काठ्या भट्टीत जात राहिल्या. शेकडो वर्षं वाळलेलं लाकूड. त्या भट्ट्या कोळशासाठी होत्या. कोळशाची धग खाली राहते, वाळक्या लाकडाची ज्वाळा धुराड्यात उंच चढते. आपण चुलीवर स्वयंपाक केलेल्या बायका, आपल्याला हे ठाऊक आहे. त्या कामगारांनाही ठाऊक असेल कदाचित, पण काम लवकर संपवायचं होतं. धुराड्याच्या आत तांब्याचं अस्तर होतं, ते वितळलं, आणि आग भिंतीच्या पोटातून वर सरकू लागली.

वर सभागृहात मिसेस राइट नावाच्या बाई होत्या. इमारतीची घरव्यवस्था पाहणारी मुख्य बाई नव्हती, तिच्या जागी या दुय्यम बाई काम पाहत होत्या. संसदेला सुट्टी होती. दिवसभर त्यांना धुराचा वास येत होता. दुपारी चारच्या सुमारास दोन पाहुणे सभागृह पाहायला आले. तिथे स्पॅनिश आरमाराच्या पराभवाचे प्रसिद्ध विणलेले पडदे भिंतींवर होते. धूर इतका की पडदे दिसेनात. आणि पायाखालची जमीन बुटांच्या तळव्यांतून चटका लावत होती. पाहुण्यांनी बोलून दाखवलं. खाली कामगार काठ्या जाळत आहेत हे कारण सगळ्यांना पटलं. पाचच्या सुमारास कामगार काम आटोपून निघून गेले आणि मिसेस राइट यांनी दारं लावून घेतली.

सहाच्या सुमारास एका द्वारपालाच्या पत्नीला दाराखालून ज्वाळा दिसल्या. थोड्याच वेळात आगीचा एवढा मोठा लोळ उठला की सारं लंडन रस्त्यावर आलं. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर लंडनने एवढी आग पाहिली नव्हती. हाऊस ऑफ लॉर्ड्स गेलं, हाऊस ऑफ कॉमन्स गेलं. वेस्टमिन्स्टर हॉल, जो अकराव्या शतकाच्या अखेरीस बांधला होता आणि ज्याचं लाकडी छत जगप्रसिद्ध आहे, तो मात्र वाचवायचाच असं ठरलं. अर्थमंत्री लॉर्ड अल्थॉर्प ओरडून सांगत होते की कॉमन्स जळू द्या, हॉल वाचवा. आगीचे बंब थेट हॉलच्या आत आणून छतावर पाणी मारलं. वाऱ्यानेही साथ दिली. पाण्यावर चालणारा बंब थेम्सला ओहोटी असल्यामुळे मध्यरात्र उलटल्यावर पोहोचला. टर्नर हा मोठा चित्रकार गर्दीत उभा राहून ते दृश्य पाहत होता. त्याने पुढच्या वर्षी त्याची दोन तैलचित्रं केली, ती आता अमेरिकेत आहेत, एक फिलाडेल्फियाला आणि एक क्लीव्हलंडला. गर्दीतले सगळेच हळहळत नव्हते म्हणे. त्याच वर्षी संसदेने गरिबांच्या मदतीचा नवा कडक कायदा केला होता, तेव्हा काहींना झालं ते बरंच झालं असं वाटलं. एवढ्या आगीत प्राणहानी मात्र झाली नाही, ही मोठीच गोष्ट.

राजा चौथा विल्यम याने संसदेला आपला बकिंगहॅम राजवाडा देऊ केला. त्याला तो राजवाडा स्वतःलाच आवडत नव्हता! खासदारांनी नम्रपणे नको म्हटलं.

चौकशी झाली. कुणी मुद्दाम लावलेली आग नाही, हलगर्जीपणा आहे, असा निष्कर्ष निघाला. वेबली आणि दोन कामगारांवर ठपका आला. आणि मिसेस राइट यांच्याबद्दलही लिहिलं गेलं की धूर आणि उष्णता जाणवूनही त्यांनी वेळीच वर कळवलं नाही. मैत्रिणींनो, मी या वाक्याशी बराच वेळ अडले. चूक झाली हे खरं. पण बदलीवर काम करणारी ती बाई कुणाला काय सांगणार होती? काम साहेबांच्या हुकमाने चाललेलं, खाली दोन पुरुष भट्टीशी, आणि ही म्हणणार की मला वास येतोय? घरातसुद्धा ‘गॅसचा वास येतोय’ असं आपण म्हटलं की पहिलं उत्तर काय मिळतं, आठवून बघा. तरीही तिने धावत जाऊन ओरडायला हवं होतं, असं मन म्हणतंच.

पुढे १८५५ मध्ये कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी सरकारी कारभार सुधारण्याविषयीच्या एका भाषणात ही सगळी हकिगत लोकांना सांगितली आणि सरकारी डोक्याची खूप चेष्टा केली. त्यांचाही मुद्दा तोच, की त्या काठ्या शेजारच्या गरिबांना सरपण म्हणून का दिल्या नाहीत.

या आगीत आणखी एक वस्तू गेली, आणि ती आपल्या अगदी जवळची आहे. इंग्लंडचा अधिकृत ‘यार्ड’ आणि अधिकृत ‘पौंड’ वजन तिथेच ठेवलेलं होतं. यार्ड म्हणजे एक पितळी दांडा, त्यावर सोन्याच्या दोन बारीक खुणा, त्यांच्यामधलं अंतर म्हणजे एक यार्ड. यार्ड म्हणजेच आपला वार! नऊवारीतला वार. आपल्या आज्या-पणज्या कापडाच्या दुकानात ज्या लाकडी वाराने लुगडं मोजून घेत, तोही छत्तीस इंचांचाच. त्या मापाचा मूळ दांडा १६ ऑक्टोबरच्या रात्री निकामी झाला, आणि वजन तर सापडलंच नाही. थोडा वेळ विचार करा. दुकानं उघडी, बाजार चालू, पण इंग्लंडकडे खरा वार नाही आणि खरा पौंडही नाही!

१८२४ च्या कायद्यात लिहून ठेवलं होतं की यार्ड हरवला तर लंबकाच्या साहाय्याने पुन्हा ठरवावा. म्हणजे बरोबर एका सेकंदात झोका घेणारा लंबक किती लांब असतो ते मोजायचं आणि त्यावरून यार्ड काढायचा. कागदावर छान. पण तोवर शास्त्रज्ञांना त्या मोजणीत चुका आढळल्या होत्या. शेवटी काय केलं? जुन्या यार्डशी पूर्वी काळजीपूर्वक ताडून पाहिलेल्या ज्या प्रती इतरत्र होत्या, त्या गोळा केल्या आणि त्यांवरून नवा यार्ड घडवला. फ्रान्सिस बेली यांनी काम सुरू केलं, ते १८४४ मध्ये वारले, मग रिचर्ड शीपशँक्स यांनी ते पुढे नेलं. तळघरात बसून वर्षानुवर्षं, इंचाच्या बारीकशा अंशासाठी हजारो वेळा मोजणी. पौंडाचं काम विल्यम मिलर यांनी केलं. १८५५ मध्ये नवी मापं कायद्याने मान्य झाली. आग लागल्याला एकवीस वर्षं होत आली होती.

म्हणजे पुन्हा तेच. मूळ जळलं, पण जुळणारा दुसरा भाग कुणाकडे तरी शाबूत होता. कॉमन्सची बहुतेक जुनी कागदपत्रं जळाली, कारण ती तिथेच होती. लॉर्ड्सकडचे शेकडो वर्षांचे मूळ कायदे वाचले, कारण ते रस्त्यापलीकडच्या ज्वेल टॉवर नावाच्या दगडी बुरुजात ठेवलेले होते. आणि गंमत अशी की जी आग या काठ्यांनी लावली, त्या काठ्यांची सगळी करामतच मुळी दोन ठिकाणी दोन भाग ठेवण्याची होती.

नवा यार्ड तयार झाल्यावर इंग्रज शहाणे झाले होते. त्यांनी त्याच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी दिल्या. एक टांकसाळीत, एक रॉयल सोसायटीत, एक ग्रीनिचच्या वेधशाळेत. आणि एक नव्या संसदेच्या इमारतीत, तीही कपाटात नव्हे, चक्क भिंतीत चिणून! जुनी संसद जळली त्याच जागी चार्ल्स बॅरी यांनी बांधलेली ती इमारत, जिच्या घड्याळाच्या मनोऱ्याचा फोटो आपण लंडनला जाऊन आलेल्या प्रत्येक नातेवाइकाच्या मोबाईलवर पाहतो.

जळण्यातून वाचलेल्या काही काठ्या लंडनला आजही पाहायला मिळतात. बँक ऑफ इंग्लंडच्या संग्रहालयात आहेत, तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मी फोटोत पाहिल्या. काळपट पडलेलं लाकूड, कडेला बारीक-मोठ्या खाचा, आणि बाजूवर लॅटिनमध्ये कुणा माणसाचं नाव. त्याने भरलेल्या पैशांची पावती.

फोटो सुनेला दाखवला. तिने मोठा करून पाहिला आणि विचारलं, “आई, ही अंगठ्याएवढी खाच म्हणजे शंभर पौंड ना?” मी म्हटलं हो. मग ती पुन्हा लॅपटॉपकडे वळली. तो साडेचारशे रुपयांचा फरक तिला दुसऱ्या दिवशी सापडला. एका रिक्षाच्या बिलाची नोंद दोनदा झाली होती.

आणि आजोळची ती भिंत? आजी शहाणी झाली, इंग्रजांसारखीच. त्या दिवाळीनंतर दाराआड रेघा ओढायच्याच, पण गवळण समोर उभी असताना, आणि तिनेही त्याच वेळी डबीत चिंचोका टाकायचा, आजीच्या डोळ्यांदेखत. मामांना मात्र त्या भिंतीला चुना लावायची परवानगी पुन्हा कधी मिळाली नाही. आजी गेल्यानंतरही कितीतरी वर्षं दाराआड तो काळपट चौकोन तसाच होता.